यंदा पूल नाही

पाऊस उघडला आणि ओढ्याचं पाणी निवळायला लागलं की वस्तीतली माणसं मिस्त्रीच्या दारात येऊन उगाच खाकरायची. कुणी म्हणायचं, ऊन बरं पडतंय आता. कुणी म्हणायचं, पाणी मांडीच्या खाली आलं बरं का. पूल बांध, असं तोंडानं कुणी म्हणत नसे. फुकटचं काम सांगताना माणसाची जीभ जरा अडखळतेच. मिस्त्री हातातला रंधा थांबवायचा, हसायचा आणि "बघतो" म्हणायचा. त्याचं बघतो म्हणजे झालंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग एका सकाळी पहार, वाकस आणि दोरखंड खांद्यावर टाकून तो ओढ्यावर जायचा आणि दुसऱ्या दिवशी दिवस कलायच्या आत माणसं कोरड्या पायांनी पलीकडे जायला लागायची.

पलीकडे सगळंच होतं. बाजार, शाळा, दवाखाना, मोठा रस्ता. अलीकडे नुसती वस्ती, जनावरं आणि मिस्त्रीची लाकूडकामाची शेड. पावसाळ्यात पूल वाहून गेला की लोकांना टेकडीच्या पायथ्यानं वळसा घालावा लागे आणि त्या चिखलात अर्धा दिवस मोडे. पावसाळा सरला की मिस्त्रीचा पूल. हे त्याच्या बापापासून चालत आलेलं. म्हाताऱ्यानं तरुणपणी पलीकडच्या एका घराची दारं करायला घेतली होती. दार डोक्यावर घेऊन पाण्यातून जाताना तो पडला, दार दगडावर आपटून फुटलं, आणि तिरीमिरीत त्यानं पहिला पूल बांधला. लोकांची सेवा वगैरे काही त्याच्या डोक्यात नव्हतं. पण लोक त्यावरून जाऊ-येऊ लागले, जाताना दुवा देऊ लागले, आणि दुवा कुणाला कडू लागतो? पुढे पूल म्हणजे त्या घराचं नाकच होऊन बसलं.

मिस्त्रीची बायको याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायची. म्हणायची, आणि पुलाच्या दिवसांत जेवणाचा डबा घेऊन ओढ्यावर तीच सगळ्यांच्या आधी हजर असायची.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र एक गोष्ट घडली. शेजारच्या सुनेच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा ओढा दुथडी भरून वाहत होता. तिला बाजेवर घालून चौघांनी उचललं आणि टेकडीचा वळसा धरला. चौघांत एक मिस्त्री होता. वाटेत, एका झाडाखाली, ती बाळंत झाली. सोबतच्या बायकांनी आडोसा धरला आणि मिस्त्री पाठ करून बाजेवर छत्री धरून उभा राहिला. पाऊस त्याच्या मानेवरून आत शिरत होता. मागं ती ओरडत होती आणि त्याच्या हातांना करण्यासारखं काही नव्हतं. आई वाचली, मूलही वाचलं. पण मिस्त्रीच्या मनातून ते ओरडणं जाईना. असला पूल काय कामाचा, जो गरजेच्या दिवसांत नसतोच, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

पाऊस ओसरताच वस्तीतले चार जण घेऊन तो बांधकाम कचेरीत गेला. पक्का पूल हवा म्हणून सांगितलं. टेबलामागचा ओव्हरसियर मनानं चांगला माणूस होता. त्यानं सगळ्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि मग मिस्त्रीला ओळखून हसला. "अहो मिस्त्री, तुमच्याकडे पूल आहे की. मी दरवर्षी त्याच्यावरून चालत येतो. जिथं काहीच नाही तिथलं आधी बघावं लागतं आम्हाला."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. ओव्हरसियर दरवर्षी यायचा तो गाडीरस्ता वाळल्यावर, म्हणजे पूल उभा राहिल्यावर. आणि त्याला मोठ्या कौतुकानं पूल दाखवायचं कुणी, तर मिस्त्रीनंच. उडी मारून बघा साहेब, असं मागच्या वर्षी तोच म्हणाला होता. साहेबानं खरंच उडी मारली होती, पूल जरासुद्धा हलला नव्हता, आणि मिस्त्रीची छाती फुगली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.  परत ओढ्यातून येताना तो मधोमध थांबला, पाण्याकडे बघत राहिला आणि मग घरी गेला.

दोन-चार दिवसांनी माणसं येऊन दारात खाकरायला लागली तेव्हा तो म्हणाला, "यंदा पूल नाही."

लोकांना आधी थट्टाच वाटली. मग त्यानं समजावून सांगितलं. ओव्हरसियरला यंदा नुसता ओढा दिसू दे. पाणी जसं आहे तसं दिसू दे. पूल दिसला की तो खूश होऊन परत जातो आणि आपण पुढच्या पावसात पुन्हा बाज उचलतो. गाडीरस्ता वाळेपर्यंत कळ काढायची, एवढंच. ऐकायला सगळं बरोबर होतं, पण पाय भिजणार होते ते ऐकणाऱ्यांचे. किराणा दुकानदार म्हणाला, मिस्त्रीला पुढारीपणाचं वारं लागलं. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आलेलीच होती, त्यामुळे हे वारं वस्तीभर फिरायला वेळ लागला नाही.

जुना मेंबर वळसा घालून मोटारसायकलवर आला. शेडमध्ये बसून त्यानं मिस्त्रीच्या कामाची तोंडभर स्तुती केली. लाकूड मी देतो म्हणाला, माणसं देतो म्हणाला, लोकांचे हाल कशाला, पक्का पूल तर मी आणतोच आहे. त्याचा पक्का पूल गेली कित्येक वर्षं असाच वाटेत होता. मिस्त्रीनं त्याला चहा पाजला आणि लाकूड नको म्हणून सांगितलं.

सगळ्यांत अवघड होता तो म्हातारा. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मुलाशी बोलणंच सोडलं. शेडकडे तोंड करून असलेली आपली खाट त्यानं फिरवून भिंतीकडे तोंड केली. काही हवं असलं तर सुनेला सांगायचा, त्याला म्हणावं पटाशीला धार नाही, आवाजावरून कळतंय. मिस्त्री तिथंच हातभर अंतरावर उभा असायचा. मग तोही बायकोला सांगायचा, बाबांना म्हणावं लावतो. बायको दोघांच्या मधे उभी राहून म्हणायची, मी काय टपाल आहे का?

पूल बांधायचा नाही, पण घरी स्वस्थ बसणंही मिस्त्रीला जमेना. रोज सकाळी तो ओढ्यावर जाऊन पाण्यात उभा राहू लागला. पोरांना खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचा, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, बायकांच्या डोक्यावरची ओझी घ्यायचा. दुपारी पोरं परत यायची तेव्हा पुन्हा पाण्यात. लोक हसायचे. एवढा वेळ पाण्यात उभा राहतोय, तेवढ्यात दोन पूल झाले असते म्हणायचे. ते खोटंही नव्हतं. त्याच्या पायांची बोटं पांढरी पडून सुरकुतली, टाचांच्या भेगांतून रक्त यायला लागलं. बायको कोमट तेल लावताना जरा जोरातच चोळायची. शेडमधलं काम मागं पडलं. रात्री आडवा झाला की आपण चूक तर करत नाही ना, हा विचार त्याला झोपू द्यायचा नाही.

दूधवाली मावशी त्याचा हात धरत नसे. दोन्ही हातांत दुधाची भांडी घेऊन ती त्याच्या शेजारून सरळ निघून जायची, न बघता. तिची बडबड वस्तीत प्रसिद्ध होती, पण या दिवसांत तिनं त्याच्यापुढं तोंडाला कुलूप लावलं होतं. एके सकाळी ती शेवाळलेल्या दगडावरून घसरली. मिस्त्री धावला तोवर ती पाण्यात बसली होती आणि दूध पांढऱ्या पट्ट्यासारखं प्रवाहातून खाली चाललं होतं.  मनगट सुजत चाललेलं बघून मिस्त्रीनं तिला उठवलं, भांडी उचलली आणि तसाच ओल्या कपड्यांनी तिच्याबरोबर दवाखान्यात गेला.

 वाटेत तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. मनगट मोडलं होतं. ओलं प्लास्टर घट्ट होत असताना तिनं विचारलं, "तो साहेब कधी यायचा?"

"रस्ता वाळला की येईल."

"येऊ दे. तोवर दूध सून काढेल." तिनं प्लास्टरमधला हात उलटसुलट करून बघितला. "पण एवढं करून तो नुसता बघून गेला ना मिस्त्री, तर मी तुझ्या दारात येऊन बसेन. आणि माझी बडबड तुला ठाऊक आहे."

मिस्त्रीनं मान हलवली. त्याला तिचे आभार मानायचे होते, पण मोडक्या हाताचे आभार कसे मानायचे ते त्याला कळलं नाही. तिची भांडी तो घरापर्यंत घेऊन आला.

त्या दिवसापासून कुरकुर संपली असं नाही. उलट वाढली. दुकानदारानं उघडच सांगितलं की आज हात मोडला, उद्या कुणाचा पाय मोडेल, मग मिस्त्रीनं गळ्यात हार घालून घ्यावा. मिस्त्री ऐकून घ्यायचा. उद्या खरोखर कुणाचा पाय मोडला असता.

शेवटी निरोप आला. ओव्हरसियर उद्या सकाळी येतोय.

सकाळी मिस्त्री तोंड धूत होता, तेव्हा त्याला ओढ्याकडून ठोकण्याचा आवाज आला. लाकडावर लाकडी हातोडा. त्या आवाजाची लय त्यानं लहानपणापासून ऐकली होती, त्यामुळे कोण ठोकतंय हे त्याला विचारावं लागलं नाही. त्यानं मागं वळून बघितलं. खाट रिकामी होती. चेहरा न पुसताच तो निघाला.

म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा होता. कपडे वर खोचलेले, काटक्यांसारखे पाय थंडीनं निळे पडलेले. त्याच्या वयाचे दोघे-तिघे जुने सोबती त्याच्या हाताखाली होते. वासे आणि फळ्या शेडमागं पडलेल्याच होत्या; मध्यरात्रीपासून ते लागले असणार. मधल्या दगडी चौथऱ्यावर वासे टेकले होते, वाशांवर फळ्या बसल्या होत्या आणि म्हातारा शेवटच्या पाचरी ठोकत होता.  दर ठोक्याआधी तो हातोडा क्षणभर पाचरीवर टेकवायचा, नेम धरायचा आणि मग मारायचा. एक फळी तिरकी गेली होती. एरवी अशी फळी त्यानं कुणालाही उखडायला लावली असती. काठावर माणसं जमली होती आणि एक-दोघी डोक्यावर ओझं घेऊन पुलावरून हसत पलीकडे गेल्यासुद्धा होत्या.

"बाबा," मिस्त्री म्हणाला, "पूल दिसला की तो परत जाईल."

कितीतरी दिवसांनी म्हातारा मुलाकडे बघून बोलला. "जाऊ दे. पाहुणा दारात येतोय आणि आपल्या ओढ्यावर पूल नाही, हे मी जिवंत असताना कुणाला दिसायला नको. लोक तुला हसतात. मला ऐकू येतं. भिंतीकडे तोंड केलं म्हणून कान बंद होतात का?"

 या माणसानं त्याला रंधा धरायला शिकवलं होतं. त्याचं काम मोडायला हात लावायचा, तेही सगळ्या वस्तीसमोर, ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. तो परत फिरला असता तर कुणीही नाव ठेवलं नसतं. उलट लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. काठावर पडलेली पहार त्यानं उचलली आणि पाण्यात उतरला.

पहिली फळी निघाली तेव्हा काठावरून हं असा आवाज आला. कुणी पुढं झालं नाही. दुकानदार म्हणाला, बापाचा तरी मान ठेवायचा होतास. मिस्त्रीनं दुसरी फळी सैल केली. ती लांब होती, एका माणसाला पेलण्यासारखी नव्हती, दुसरं टोक पाण्यात वाकत चाललं होतं. तेवढ्यात ते टोक वर उचललं गेलं. दूधवाली मावशी पाण्यात उतरली होती. प्लास्टरचा हात छातीशी धरून तिनं चांगल्या हातानं आणि खांद्यानं फळी पेलली होती.

"बघतोस काय? ओढ," ती म्हणाली.

तिला बघून शेजारचा उतरला, ज्याची सून वाटेत बाळंत झाली होती तो. मग आणखी दोघे. फळ्या एकेक करून काठावर गेल्या. म्हातारा पाण्यातच उभा राहून बघत होता. थंडीनं त्याचा जबडा हलत होता. मिस्त्रीनं वाशाखाली पहार घातली आणि जोर लावला. वासा करकरला, पण हलला नाही.

"उजवीकडची पाचर आधी काढ," म्हातारा म्हणाला. "उलटा जोर लावलास तर वासा उलेल."

मिस्त्री थांबला. त्यानं उजवीकडची पाचर काढली. वासा अलगद सुटला. म्हातारा पुढं आला आणि त्या वाशाचा शेंडा त्यानं स्वतः खांद्यावर घेतला.

ओव्हरसियर आला तेव्हा पलीकडच्या काठावर जुना मेंबर कडक इस्त्रीचे कपडे घालून हजर होता. अलीकडे वस्ती उभी होती. मिस्त्री पाणी ओलांडून साहेबाला घ्यायला गेला. साहेबानं ओढ्याकडे बघितलं, मिस्त्रीकडे बघितलं आणि विचारलं की पूल कुठं गेला.

"वाहून गेला साहेब. दरवर्षी जातो."

"ते झालं. पण तुमचं दोन दिवसांचं काम ना?" साहेब हसून म्हणाला. "बांधून टाका की."

मेंबर लगेच म्हणाला की तेच तर मी सांगत होतो, लाकूडसुद्धा देत होतो. मिस्त्रीनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं मनात पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. पण बांधता येत नाही म्हणावं तर ते खोटं, आणि बांधता येतो पण बांधणार नाही म्हणावं तर तो माज. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि माज त्याच्या अंगात नव्हता. ओढा तसा लहान, या काठावरचं बोलणं त्या काठावर स्वच्छ ऐकू येई. सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत होते. इतके दिवस भिजलेले पाय, मोडलेलं मनगट, सगळं त्या एका उत्तरावर येऊन थांबलं होतं.

अलीकडच्या काठावर दगडावर बसलेला म्हातारा उठला. सुनेनं त्याच्या अंगावर टाकलेलं घोंगडं खाली पडलं.

"साहेब," तो मोठ्यानं म्हणाला, "आमच्या घरात आता पूल बांधणारं कुणी राहिलं नाही."

 रात्री ज्यांनी त्याच्या हाताखाली काम केलं होतं, ते खाली बघत राहिले. आयुष्यभर ज्या नाकासाठी म्हातारा जगला, ते त्यानं चारचौघांत स्वतःच्या हातानं कापून घेतलं होतं, आणि ते मुलासाठी कापलं होतं. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लपवलं नाही.

ओव्हरसियरनं थोडा वेळ म्हाताऱ्याकडे बघितलं. मग वाकून बूट काढले, मोजे आत कोंबले, विजार गुडघ्याच्या वर दुमडली आणि चला म्हणाला. मिस्त्रीनं त्याचा हात धरला. वरच्या अंगाला उथळ वाट होती, पण तिकडं नुसते टोकदार दगड, ओझं घेऊन कुणी जात नसे. मिस्त्रीनं त्याला बायका दुधाची भांडी घेऊन जातात त्याच वाटेनं नेलं. मध्यावर विजार भिजली आणि साहेबानं दुसऱ्या हातानंही मिस्त्रीचा दंड पकडला. पावसात कसं करता, असं त्यानं विचारलं. मग मिस्त्री बोलायला लागला. बाज, झाड, छत्री, पाठीमागचं ओरडणं. कचेरीत न फुटलेले शब्द त्या पाण्यात एकामागून एक आले, आणि साहेब थंड पाण्यात उभा राहून ते ऐकत राहिला, कारण मिस्त्रीचा हात सोडून त्याला कुठं जाताही येत नव्हतं.

अलीकडे पोचल्यावर साहेब म्हणाला की मी लिहितो. पण मी लिहिलं म्हणून पूल होत नाही, मागं लागावं लागतं, महिनोन्‌महिने लागावं लागतं. तुमच्यातलं कोण लागणार? पलीकडून मेंबर खाकरला.

"हा लागेल," दूधवाली मावशी म्हणाली आणि प्लास्टरचा हात मिस्त्रीच्या दिशेनं केला. दुकानदारानंही मान हलवली, जरा उशिरा, पण हलवली.

हिवाळ्यात निवडणूक झाली. वारं कुठल्या बाजूनं वाहतंय हे मेंबरला बरोबर कळायचं. त्यानं माघार घेतली आणि मिस्त्री मेंबर झाला. कचेरीच्या बाकावर बसणं हे लाकूड तासण्यापेक्षा कष्टाचं काम आहे, हे त्याला लवकरच कळलं. लाकूड निदान तासलं की कमी होतं. या टेबलावरून त्या टेबलाकडे जाताना त्याच्या वहाणा झिजल्या. पण तो गेला, पुन्हा गेला, आणि सगळे शिपाई त्याला नावानिशी ओळखायला लागले. उन्हाळ्याच्या शेवटी पूल मंजूर झाला. पलीकडच्या काठावर खडी येऊन पडली, दोन खड्डे खणले गेले, आणि पाऊस आला. काम आता पाऊस सरल्यावर, असं ठरलं.

पाऊस सरला, पाणी मांडीच्या खाली आलं, आणि म्हाताऱ्याला धाप लागायला लागली. दवाखान्यात वळसा घालून न्यायचं तर तेवढा दम त्याच्यात नव्हता. मिस्त्रीनं त्याला पाठीवर घेतलं. म्हातारा अगदी हलका झाला होता. त्याच्या छातीची घरघर मिस्त्रीला आपल्या पाठीत जाणवत होती. तो पाऊल चाचपत, थांबत, पाण्यात उतरला. मध्यावर पोचतो तोच काठावरून दुकानदारानं हाक मारली. म्हाताऱ्याचे हाल त्याला बघवत नव्हते, आणि या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"मेंबर, बाबांपुरत्या चार फळ्या टाकू का? तुम्ही परत येईपर्यंत होतील."

मिस्त्री थांबला. पाणी त्याच्या गुडघ्यांना ढकलत होतं. बापाचा श्वास कानाशी अडकत होता, आणि हो म्हणावं असं त्याला मनापासून वाटलं. खड्डे खणून झालेत, मंजुरी आली आहे, चार फळ्यांनी काय बिघडणार आहे?

म्हाताऱ्यानं मान वळवून काठाकडे बघितलं. बोलण्यापुरता दम गोळा करायला त्याला वेळ लागला.

"टाकून तर बघ," तो डोळे वटारून दुकानदाराला म्हणाला. मग मुलाच्या खांद्यावर बोटं घट्ट रोवून म्हणाला, "चल तू."